काळजीवाहक ते समाजकार्यकर्ता : पुणे शहरातील अर्धवेळ पूर्वतयारी शिक्षणाचा विचार

सारांश

रुग्ण, वृद्ध, दिव्यांग व निराधार बालके यांची प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या काळजीवाहकांकडे अनुभवजन्य ज्ञानाचा मोठा साठा असतो. तथापि या ज्ञानाला औपचारिक शिक्षणव्यवस्थेत स्थान नसल्याने व्यावसायिक समाजकार्याच्या शिक्षणाकडे जाणारा त्यांचा मार्ग खुंटतो. प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या संदर्भात या मार्गाचे टप्पे, त्यातील अडथळे आणि अर्धवेळ पूर्वतयारी अभ्यासक्रमाचे स्वरूप यांचे विवेचन केले आहे. प्रवेशाचे नियम हा या मार्गातील एकमेव अडसर नाही. महाविद्यालयाचे वेळापत्रक, क्षेत्रकार्याची रचना आणि नोंदलेखनाच्या प्रशिक्षणाचा अभाव हे अधिक कठीण अडसर असून त्यांपैकी बरेचसे दूर करणे प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : काळजीवाहक, व्यावसायिक समाजकार्य, अर्धवेळ शिक्षण, क्षेत्रकार्य, नोंदलेखन, श्रेयांक.

१. प्रस्तावना

पुणे शहरातील कोणत्याही जुन्या पेठेत अथवा नव्या उपनगरात सकाळी आठच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. रात्रपाळी संपवून एक स्त्री इमारतीतून बाहेर पडते आणि दिवसपाळीची दुसरी आत जाते. घरातील लोक त्यांना 'मावशी' म्हणतात, ब्यूरोच्या वहीत त्यांची नोंद 'आया' अथवा 'केअरटेकर' अशी असते. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला कुशीवर वळविणे, भरविणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, त्याची चिडचिड सोसणे ही कामे त्या करतात. रुग्णालयांतील वॉर्डबॉय व आया, वृद्धाश्रमांतील सेवक, बालगृहांतील गृहमाता आणि विशेष शाळांतील मदतनीस हेही याच वर्गात मोडतात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. हे प्रमाण वाढतच जाणार आहे. निवृत्तांचे शहर अशी ख्याती असलेल्या आणि ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशा ज्येष्ठांची मोठी वस्ती असलेल्या पुण्यात सशुल्क काळजीसेवेची गरज विशेषत्वाने जाणवते. मात्र ही सेवा देणाऱ्या व्यक्तीच्या पुढील वाटचालीचा विचार क्वचितच होतो. पंधरा वर्षे काम केलेली काळजीवाहक आणि काल कामास लागलेली काळजीवाहक यांच्या दर्जात बहुधा काहीच फरक पडत नाही. या कामाला आरंभ आहे, पण पुढची पायरी नाही.

समाजकार्य हा व्यवसाय ही या कामाची एक स्वाभाविक पुढची पायरी होऊ शकते. ती प्रत्यक्षात का होत नाही व ती होण्यासाठी काय करावे लागेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) काळजीकार्य व समाजकार्य यांतील संबंध आणि भेद स्पष्ट करणे.
२) प्रौढ स्त्रियांच्या सेवाशिक्षणाची पुण्यातील परंपरा थोडक्यात मांडणे.
३) काळजीवाहकास समाजकार्याच्या पदवीपर्यंत नेणाऱ्या विद्यमान मार्गांचा व अडथळ्यांचा परामर्श घेणे.
४) महाविद्यालयीन पातळीवर राबविता येईल असा अर्धवेळ पूर्वतयारी अभ्यासक्रम सुचविणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो कायदे, शैक्षणिक धोरणे व संस्थात्मक इतिहास यांच्या आधारे लिहिला आहे. विवेचनातील प्रसंग केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

काळजीकार्य म्हणजे परावलंबी व्यक्तीच्या दैनंदिन शारीरिक व भावनिक गरजा प्रत्यक्ष सान्निध्यात राहून भागविणे. समाजकार्य म्हणजे व्यक्ती, कुटुंब व समुदाय यांच्या अडचणींमागील सामाजिक कारणांचा शोध घेऊन, हक्क, कायदे व साधनसंपत्ती यांच्या साहाय्याने परिस्थितीत बदल घडवून आणणे. काळजीवाहकाची दृष्टी एका व्यक्तीवर केंद्रित असते. समाजकार्यकर्त्यास ती व्यक्ती व तिच्याभोवतीची व्यवस्था अशी दोन्हींकडे दृष्टी ठेवावी लागते.

हा भेद बालगृहाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. बाल न्याय अधिनियम, २०१५ व त्याखालील नियम यांच्या चौकटीत बालगृहात गृहमाता अथवा गृहपिता असतात, तसेच बालकल्याण अधिकारी अथवा परिविक्षा अधिकारीही असतात. प्रत्येक बालकासाठी वैयक्तिक काळजी योजना तयार करावी लागते. रात्री कोणते मूल दचकून उठते, कोणते जेवण लपवून ठेवते, भेटीच्या दिवशी कोणाचा चेहरा उतरतो, हे गृहमातेला ठाऊक असते. योजना मात्र अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरते. ज्ञान एका व्यक्तीपाशी आणि लेखणी दुसऱ्या व्यक्तीपाशी, ही विभागणी संस्थेच्या रचनेतच आहे. गृहमातेचे म्हणणे विचारले गेले तर ते योजनेत येते, न विचारल्यास ते कायमचे राहून जाते.

अर्थात, केवळ अनुभव असला म्हणजे समाजकार्यकर्ता घडतो असेही नव्हे. अनुभवाबरोबर काही सवयीही येतात. रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्याची सवय, घरमालकाच्या अथवा संस्थेच्या बाजूने विचार करण्याची सवय, अन्याय दिसला तरी गप्प राहण्याची सवय ही त्याची उदाहरणे होत. ज्याची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते त्याला या सवयी लागल्या तर त्यात नवल नाही. पूर्वतयारी शिक्षणात अनुभवाचा आदर आणि अनुभवाची चिकित्सा या दोहोंना स्थान असावे लागते ते यासाठीच.

४. पुण्याची पूर्वपीठिका

प्रौढ वयात शिक्षण सुरू करून सेवेच्या क्षेत्रात उतरण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली व पुढे हिंगणे येथे त्याचा विस्तार झाला. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदनाचे कार्य सुरू झाले. शिक्षिका व परिचारिका घडविणे हे या संस्थेचे एक प्रमुख कार्य होते. ज्या काळात परिचर्येचे काम प्रतिष्ठित घरांत हलके मानले जाई, त्या काळात त्यास शिक्षणाची जोड देऊन व्यवसायाचा दर्जा मिळवून देण्याचा हा प्रयत्न होता.

या परंपरेतील पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. वैधव्य आल्यानंतर, एका मुलाची आई असताना, त्यांनी शिक्षणास प्रारंभ केला. पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या त्या आधारस्तंभ झाल्या. संस्थेच्या कार्यासाठी १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करीत इंग्रजी शिकल्या. त्यांची 'माझी कहाणी' ही आत्मकथा मराठीत प्रसिद्ध आहे. दिवसा दुसऱ्याचे घर सांभाळणारी आणि उरलेल्या वेळात पुस्तक उघडणारी विद्यार्थिनी ही प्रतिमा आजच्या काळजीवाहकाच्या किती जवळची आहे, हे निराळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर याच विचाराला शासकीय रूप मिळाले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. १९५८ पासून या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रमाची योजना राबविली. शाळा अर्धवट सोडलेल्या स्त्रियांना अल्प काळात शालेय परीक्षेपर्यंत नेणे आणि त्यातून ग्रामसेविका, बालसेविका, परिचारिका, सुईण यांसारख्या कामांच्या प्रशिक्षणास पात्र उमेदवार तयार करणे हा तिचा हेतू होता. 'प्रशिक्षणापूर्वीचे शिक्षण' ही कल्पना आपल्याकडे अशा प्रकारे सहा दशकांहून अधिक काळ परिचित आहे.

या सर्व प्रयत्नांत तीन गोष्टी समान होत्या. शिकणाऱ्या स्त्रीच्या जीवनक्रमाभोवती अभ्यासक्रम रचलेला होता. अभ्यासाच्या शेवटी कोणते काम करता येईल हे आधीच स्पष्ट होते. शिकणारीचे वय हा दोष मानला जात नव्हता. आश्रमीय संस्थांत निवासाची सोय असल्याने विद्यार्थिनीस पूर्ण वेळ शिकता येई. आजच्या काळजीवाहकाच्या कमाईवर मात्र घर चालते, म्हणून तिच्यासाठी अर्धवेळ शिक्षणाखेरीज पर्याय नाही.

५. विद्यमान मार्ग

पुण्यात व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत १९६३ मध्ये स्थापन झालेली कर्वे समाज सेवा संस्था अग्रगण्य आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ व भारती विद्यापीठ यांच्यातही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध झाले. समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीस सामान्यतः कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र असतो. ही बाब काळजीवाहकाच्या दृष्टीने अनुकूल आहे. तथापि पदवीपर्यंत पोहोचणे हाच तिच्यापुढचा पहिला डोंगर असतो.

या डोंगराच्या पायऱ्या अशा सांगता येतील. आठवी-नववीत शाळा सुटलेली व्यक्ती राज्य मंडळाच्या परीक्षेस खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे सर्वपरिचित 'सतरा नंबरचा अर्ज' भरून, बसू शकते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फतही दहावी व बारावी करता येते. शहरातील रात्रप्रशालांनीही कष्टकऱ्यांच्या अनेक पिढ्यांना दहावीपर्यंत आणले आहे. बारावीनंतर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. या विद्यापीठाच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाने बारावी न झालेल्या अनेक प्रौढांना पदवीच्या वर्गात आणले होते. परंतु पात्रतेचे नियम काळानुसार बदलत असल्याने आणि बहुतेक पदांसाठी बारावीचे प्रमाणपत्र मागितले जात असल्याने विद्यार्थ्यास रीतसर बारावी करण्याचाच सल्ला देणे अधिक सुरक्षित ठरते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने समाजकार्याची पदवी व पदव्युत्तर पदवी दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून दिली. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार वर्षांपर्यंत लांबविण्याची मुभा, हे या अभ्यासक्रमांचे नोकरदार विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठे वैशिष्ट्य होय.

म्हणजे पायऱ्या आहेत. परंतु त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. सतरा नंबरच्या अर्जापासून समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीपर्यंत ही संपूर्ण वाट एकत्रितपणे दाखविणारी व्यक्ती काळजीवाहकास सहसा भेटत नाही. शिवाय यांपैकी कोणत्याही पायरीवर तिच्या कामाच्या अनुभवाची दखल घेतली जात नाही.

६. प्रमुख अडथळे

६.१ वेळ

आठवड्याचे एकूण तास १६८. बारा तासांची पाळी व आठवड्याचे सहा दिवस धरल्यास ७२ तास कामात जातात. येण्याजाण्यास रोज दोन तास धरल्यास १२ तास, झोपेस रोज सात तासांप्रमाणे ४९ तास जातात. उरतात ३५ तास. स्वतःच्या घरचा स्वयंपाक, पाणी, मुले यांसाठी रोज साडेतीन तास धरल्यास २४.५ तास वजा होतात. शिल्लक राहतात १०.५ तास. हे गणित उदाहरणादाखल मांडले असून ज्या काळजीवाहक रुग्णाच्या घरी चोवीस तास राहतात त्यांना तेही लागू पडत नाही. तरीही आठवड्यास नऊ-दहा तासांहून अधिक मागणी करणारा कोणताही अभ्यासक्रम या विद्यार्थिनीसाठी कागदावरच राहील, एवढे त्यातून स्पष्ट होते.

समाजकार्याच्या नियमित अभ्यासक्रमात आठवड्यातील साधारणतः दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवलेले असतात व उर्वरित दिवशी तासिका असतात. म्हणजेच काळजीवाहकास प्रवेश मिळाला तरी पहिल्याच आठवड्यात तिला नोकरी व शिक्षण यांतून एकाची निवड करावी लागते. ही निवड कोणती असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

६.२ नोंदलेखन

दुसरा अडथळा लेखनाचा आहे. येथे भाषेचे ज्ञान कमी असते असे म्हणणे उथळपणाचे होईल. अडचण निराळी आहे. अंथरुणास खिळलेल्या एका आजींची काळजीवाहक 'आजी आज जेवल्या नाहीत, चिडल्या होत्या' असे सांगते, अशी कल्पना करू. अधिक विचारल्यास ती सांगते की, रविवारी परदेशातील मुलाचा दूरध्वनी आला की सोमवारी आजी हमखास जेवत नाहीत. ही दुसरी माहिती अत्यंत मोलाची आहे. तिच्यात निरीक्षण आहे, सातत्य आहे आणि कार्यकारणाचा अंदाजही आहे. परंतु ती कोणी विचारल्याखेरीज बाहेर येत नाही व लिहिली तर कधीच जात नाही.

समाजकार्याच्या नोंदीत चार गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतात : काय पाहिले, समोरची व्यक्ती काय म्हणाली, त्यावरून आपण काय अनुमान केले आणि पुढे काय करावयाचे ठरले. निरीक्षण व अनुमान यांतील ही सीमारेषा ओळखणे म्हणजेच निम्मे प्रशिक्षण होय. काळजीवाहकास ती शिकविण्यासाठी नवे प्रसंग शोधावे लागत नाहीत. तिच्या रोजच्या पाळीत ते विपुल असतात.

६.३ मान्यता

तिसरा अडथळा अनुभवाच्या मान्यतेचा. तुलनेसाठी अंगणवाडीचे उदाहरण घेता येईल. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. या योजनेत अनुभवी अंगणवाडी सेविकांना पर्यवेक्षिकेच्या पदावर जाण्याची वाट काही प्रमाणात राखून ठेवलेली आहे. शिवाय २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क असल्याचे मान्य केले. मानधनाचे प्रश्न शिल्लक असले तरी तेथे निदान एक शिडी आहे. खासगी घरांत व संस्थांत काम करणाऱ्या काळजीवाहकास अशी शिडी नाही. १९८० मध्ये पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी संप केला, तेव्हा प्रथम त्यांच्या श्रमाकडे शहराचे लक्ष वेधले गेले. घरकामगारांच्या कल्याणकारी मंडळाचा राज्य कायदा झाला तो २००८ मध्ये. श्रमाला मान्यता मिळण्यास इतका काळ लागला, हे पाहता त्या श्रमात दडलेल्या ज्ञानाला मान्यता मिळण्यास महाविद्यालयांनीच पुढाकार घ्यावा लागेल.

७. नोकरीचे ठिकाण हेच क्षेत्रकार्य मानावे काय?

या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न हा आहे. विद्यार्थिनी ज्या वृद्धाश्रमात अथवा रुग्णालयात नोकरी करते, तेथील काम क्षेत्रकार्य म्हणून धरल्यास वेळेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. परंतु त्यावर तीन सबळ आक्षेप संभवतात. पहिला असा की, नोकरीत ती मालकास उत्तरदायी असते, विद्यार्थी म्हणून तिने प्रश्न विचारणे अपेक्षित असते. दुसरा असा की, नेहमीच्याच कामाला क्षेत्रकार्य म्हटल्यास नवे काही शिकले जात नाही. तिसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे. ज्या घरात ती काम करते त्या कुटुंबाचे खासगी आयुष्य वर्गातील चर्चेचा विषय होणे योग्य नव्हे.

हे आक्षेप मान्य करूनही मध्यम मार्ग काढता येतो. क्षेत्रकार्याचा काही भाग नोकरीच्या ठिकाणी, पण निराळ्या भूमिकेत आणि बाहेरच्या पर्यवेक्षकाच्या मार्गदर्शनाखाली करावा. उदाहरणार्थ, वृद्धाश्रमातील सेविकेने नेहमीच्या कामाव्यतिरिक्त दोन वृद्धांच्या कुटुंबांशी संपर्क साधून, २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाखाली त्यांना कोणते हक्क आहेत याची मांडणी करावी. उर्वरित भाग पूर्णतः अपरिचित क्षेत्रात, म्हणजे वृद्धांसोबत काम करणाऱ्या व्यक्तीने बालकांच्या किंवा वस्तीच्या क्षेत्रात, सलग सुट्टीच्या काळात पूर्ण करावा. खासगी घरात एकट्याने काम करणाऱ्या काळजीवाहकाच्या बाबतीत मात्र नोकरीचे ठिकाण क्षेत्रकार्य म्हणून धरू नये. तेथे पर्यवेक्षकाला प्रवेश नसतो आणि कुटुंबाच्या संमतीचा प्रश्न राहतो.

८. अन्य देशांतील अनुभव

इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००५ पासून 'समाजकार्यकर्ता' हे पदनाम कायद्याने संरक्षित झाले. नोंदणीकृत व्यक्तीखेरीज कोणासही ते वापरता येत नाही. पदनाम असे बंदिस्त झाल्यावर काळजी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी आत येण्याचे मार्ग निर्माण करणे अपरिहार्य ठरले. शालेय पात्रता नसलेल्या प्रौढांसाठी प्रवेशपूर्व अभ्यासक्रम, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मुक्त विद्यापीठाची अर्धवेळ पदवी आणि नोकरीत राहून पदवी मिळवून देणारी शिकाऊ उमेदवारी असे मार्ग तेथे विकसित झाले.

भारतात समाजकार्याच्या व्यवसायासाठी स्वतंत्र राष्ट्रीय परिषद नाही. तथापि २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मनोविकार समाजकार्यकर्त्याची पात्रताही निश्चित केलेली आहे. आरोग्य क्षेत्रापुरते तरी हे पदनाम हळूहळू नियमबद्ध होत आहे. दार अरुंद होण्यापूर्वीच काळजीवाहकांसाठी पायऱ्या बांधल्या पाहिजेत, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

९. प्रस्तावित पूर्वतयारी अभ्यासक्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढी व २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा अस्तित्वात आला. या आराखड्यात ३० अध्ययन-तासांस एक श्रेयांक हे प्रमाण असून कामाच्या अनुभवालाही श्रेयांकात रूपांतरित करण्याची तात्त्विक तरतूद आहे. तिचा आधार घेऊन कोणत्याही महाविद्यालयास पुढील स्वरूपाचा अभ्यासक्रम आखता येईल.

कालावधी ४० आठवडे, आठवड्यास ९ तास, एकूण ३६० तास म्हणजे १२ श्रेयांक. आठवड्याच्या नऊ तासांची विभागणी अशी :
अ) साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष वर्ग : ४ तास.
आ) कामाच्या ठिकाणची अनुभव नोंदवही : ३ तास.
इ) घरी अथवा प्रवासात वाचन व श्रवण : २ तास.

आशयाचे चार घटक असावेत.

पहिला घटक, नोंदलेखन व वाचन. आरंभी विद्यार्थिनीने अनुभव तोंडी सांगावा आणि सहाध्यायीने तो लिहून घ्यावा, त्यानंतर स्वतः लिहावे. शुद्धलेखनाच्या चुकांवर गुण कापू नयेत. निरीक्षण व अनुमान यांची सरमिसळ मात्र प्रत्येक वेळी दाखवून द्यावी. व्यक्तींची नावे बदलून लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

दुसरा घटक, कायदे व योजना. ज्येष्ठ नागरिक, बालके, दिव्यांग व्यक्ती आणि कौटुंबिक हिंसाचार यांसंबंधीच्या कायद्यांचा परिचय 'कोणाकडे, कोणता अर्ज, कोणत्या कागदपत्रांसह' या पद्धतीने करून द्यावा. काळजीवाहकाचे स्वतःचे श्रमिक म्हणून असलेले हक्कही येथेच शिकवावेत. ज्या व्यक्तीस स्वतःचे हक्क ठाऊक नाहीत, तिने दुसऱ्याच्या हक्कांसाठी उभे राहावे ही अपेक्षा अवाजवी होय.

तिसरा घटक, समाज समजून घेणे. काळजीचे काम बहुतांशी स्त्रियाच का करतात, त्यातही विशिष्ट जातिसमूहांतील व दुष्काळी भागांतून स्थलांतरित झालेल्या स्त्रिया का असतात, मलमूत्र काढण्याच्या कामाला कमी दर का मिळतो, असे प्रश्न विद्यार्थिनीच्या अनुभवातूनच उपस्थित करता येतात. समाजशास्त्राच्या संज्ञा त्यानंतर याव्यात.

चौथा घटक, संभाषण व मर्यादा. दुसऱ्यासाठी करणे आणि दुसऱ्याबरोबर करणे यांतील फरक भूमिकाभिनयाद्वारे शिकवावा. 'बाळाप्रमाणे' वागविल्या जाणाऱ्या वृद्धाला निर्णयात सहभागी कसे करून घ्यावे, याचा सराव या घटकात व्हावा.

याखेरीज दहावी-बारावीच्या परीक्षांचे अर्ज, मुक्त विद्यापीठाचा प्रवेश व पुढील समाजकार्य अभ्यासक्रम यांचे सलग मार्गदर्शन एकाच प्राध्यापकाकडे सोपवावे. वर्ग दोन सत्रांत, सकाळी व संध्याकाळी, पुन्हा घ्यावा, म्हणजे दिवसपाळी व रात्रपाळी दोन्हींच्या विद्यार्थिनींना उपस्थित राहता येईल. मूल्यमापन लेखी परीक्षेऐवजी नोंदवही व तोंडी सादरीकरणावर आधारित असावे.

१०. मर्यादा व आक्षेप

या प्रस्तावाची एक मर्यादा प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. समाजकार्याची पदवी मिळाली म्हणजे उत्पन्न वाढतेच असे नाही. स्वयंसेवी संस्थांतील व शासकीय योजनांतील अनेक पदे कंत्राटी आहेत. विद्यार्थिनीस प्रवेशापूर्वीच हे स्पष्टपणे सांगणे हे महाविद्यालयाचे नैतिक कर्तव्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. काळजीचे काम सोडून 'वर' जाणे हाच सन्मान असे आपण सुचवीत आहोत काय? तसे सुचविणे चुकीचे ठरेल. पूर्वतयारी अभ्यासक्रम पूर्ण करून एखादी व्यक्ती काळजीवाहकच राहिली, पण ती आता नोंद ठेवते, प्रश्न विचारते, वृद्धाच्या हक्कांविषयी बोलते आणि स्वतःच्या पाळीचे तास मोजून घेते, तर तेही या शिक्षणाचे यशच होय. ही वाट प्रत्येकीने चालावी असा आग्रह नाही, परंतु ज्या व्यक्तीस ती चालावयाची आहे तिच्यासाठी ती उपलब्ध असली पाहिजे.

तिसरा आक्षेप गुणवत्तेचा घेतला जातो. अर्धवेळ विद्यार्थ्यांमुळे अभ्यासक्रमाचा दर्जा खालावेल अशी शंका व्यक्त होते. वर उल्लेखिलेल्या गृहमातेचा विचार केल्यास या शंकेचे निरसन होते. क्षेत्रकार्यासाठी प्रथमच बालगृहात जाणाऱ्या नियमित विद्यार्थ्याला जे समजण्यास अनेक महिने लागतात, ते तिला आधीच ज्ञात असते. असे विद्यार्थी वर्गात असणे नियमित विद्यार्थ्यांच्याही हिताचे आहे.

११. निष्कर्ष

१) काळजीवाहक व समाजकार्यकर्ता यांच्यातील अंतर मुख्यत्वे लेखन, कायद्याचे ज्ञान व सामाजिक दृष्टी यांचे आहे. सेवाभाव वा बुद्धी यांचे ते नाही.
२) पदवीपर्यंतच्या पायऱ्या पुण्यात उपलब्ध आहेत, परंतु त्यांना जोडणारे मार्गदर्शन उपलब्ध नाही.
३) नियमित वेळापत्रक व क्षेत्रकार्याची प्रचलित रचना नोकरदार विद्यार्थ्यास वगळते.
४) नोकरीचे ठिकाण मर्यादित प्रमाणात, निराळी भूमिका व बाह्य पर्यवेक्षण या अटींवर क्षेत्रकार्य म्हणून स्वीकारता येईल. खासगी घर त्यास अपवाद असावे.
५) आठवड्यास नऊ तासांचा, १२ श्रेयांकांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम विद्यमान श्रेयांक व्यवस्थेच्या चौकटीत आखणे शक्य आहे.

१२. समारोप

हिंगण्याच्या आश्रमाने व सेवासदनाने आपल्या काळातील उपेक्षित स्त्रीला 'तुझे वय झाले' असे सांगितले नाही. तिच्या आयुष्याला जुळेल असा वर्ग त्यांनी तयार केला. आजच्या महाविद्यालयांकडे इमारती आहेत, ग्रंथालये आहेत, अध्यापक आहेत आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या असलेल्या वर्गखोल्याही आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वृद्ध माता-पिता आहेत आणि आपण तासिका घेत असताना त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेले असते. आपले अध्यापन त्या व्यक्तीच्या श्रमावर उभे आहे. तिला शिकावेसे वाटते का, एवढा प्रश्न विचारून या कार्याचा प्रारंभ आपल्या घरापासूनच करता येईल.